मशीन आधी तपासून घ्यावे

३ तारीख, सोमवार
डॉक्टर म्हणतो, बीपी १७४/१०४. माझं! वडील मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तुम्ही सिगारेट ओढता, वरून मीठ घेता, कुणाला न विचारता रक्त पातळ करायची गोळी खाता, अशी बोटांवर मोजत यादी. मी विचारलं, तुमचं मशीन तपासलंय का? एकवीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासतोय, मला काय सांगता! घरी रोज मोजून तक्ता आणा म्हणाला. मशीन आणलं. सिगारेट बंद. उद्यापासून.

४ तारीख, सकाळी ७
काटा वापरण्याआधी खात्रीच्या वजनावर तपासायचा, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. घरात खात्रीची वस्तू एकच, बायको. हिला वीस वर्षांत साधी सर्दी नाही. पट्टा हिच्या दंडाला. १२६/८०. मशीन उत्तम! मग माझ्या दंडाला लावला तर १७८. माझा दंड जाड, पट्टा नीट बसत नाही. तक्त्यात १२६/८० लिहिलं. खात्रीचा आकडा तोच.

९ तारीख
रोज हिचंच मोजून लिहितो. तक्ता बघत राहावा असा झालाय. सिगारेट फक्त दोन. ऑफिसातल्या धरत नाही.

१५ तारीख
हिचं १४८/९४. सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणाली. मी बॅटरी बदलली.

१९ तारीख
१६२/१००. नवी बॅटरीही बोगस. हिला म्हटलं, जरा पड. म्हणाली की डबा कोण भरणार. खरंच, कोण भरणार?

२३ तारीख
१७०/१०४. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुकानात जाऊन मशीन बदलून आणलं. १७२.
दोन काटे एकच वजन दाखवत असतील तर काटे बरोबर. हे मीच नव्या लोकांना शिकवतो.
चांगलाच अडकलो. खरं सांगावं तर तक्ता खोटा. गप्प बसावं तर हिचे आकडे आणि मला गोळ्या. खाडाखोड करता येत नाही, त्यासाठी मी लोकांना नोटीस देतो. पाच दिवसांनी डॉक्टरकडे जायचंच आहे. तेव्हा बघू. पाच दिवसांत काय होतंय!

२४ तारीख, दुपारी
ही ओट्यापाशी खाली बसली. उजव्या हातातून पातेलं सुटलं. रिक्षातून दवाखान्यात. वाटेत हात धरून ठेवला, तो गार लागत होता. मला फार भीती वाटली.
बरोबर नेलेला माझा तक्ता बघून डॉक्टर म्हणाला, तुमचं नंतर बघू, आधी यांचं. तेव्हा मला सांगावं लागलं की हे आकडे हिचेच आहेत. त्याने हिच्या दंडाला पट्टा बांधला. हिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

२७ तारीख
स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. थोडक्यात निभावलं. जीवात जीव आला.

३० तारीख
ही घरी आली. मापात मारणाऱ्याच्या काट्याचं तुम्ही काय करता, असं विचारलं. जप्त, मी म्हणालो. मशीन हिच्या कपाटात गेलं. सकाळी माझ्या दंडाला पट्टा हिनेच बांधला, घट्ट. नीट बसला. १८०. तक्त्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं.
मी विचारलं, डोकं दुखतंय का?
म्हणाली की मशीनला विचारा.