चीनचे ड्रॅगन आणि आपल्या डोहातली मगर

गुरुजी, तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी तुम्हाला अमेरिकेतून लिहितो आहे. अक्षर ओळखू येईल, सातवीत होतं तसंच आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी बॉथेलला मुलाकडे राहतो. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, तरी मला सारखी धास्ती वाटते. भिंतीतला हीटर आपोआप सुरू झाला की दचकतो. शेगडीला जाळ नसतो, म्हणून ती बंद आहे की नाही ते हात जवळ नेऊन पाहतो. दुपारी एकटा असताना बेल वाजली तर पडद्याआड उभा राहतो. सूनबाई म्हणते, बाबा, पार्सलवाला असतो हो, ठेवून जातो. ते मला कळतं. तरी उभा राहतो.

आज लिहायला बसलो ते नातीमुळे. ती पाचवीत आहे. तिच्या वर्गात प्रत्येकाने एक प्रश्न निवडायचा आणि त्याचं उत्तर पुराव्यांसकट मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायचं, असं काम दिलं आहे. तिने प्रश्न निवडला तो असा, की चीनच्या जुन्या बखरींत लिहिलेले ड्रॅगन खरोखर होते का. ड्रॅगन म्हणजे पाय आणि शिंगं असलेला मोठा साप समजा, पाण्यात राहणारा आणि पाऊस आणणारा. वाचनालयातून तिने पुस्तकांचा ढीग आणला आहे. शाळेतून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती इंग्रजीत वाचते आणि मला अर्ध्या मराठीत सांगते. मी शेंगा सोलत ऐकतो.

ती सांगते ते ऐकून मला नवल वाटायचं. तिथल्या दरबारी कारकुनांनी साल, महिना आणि गाव घालून लिहून ठेवलं आहे की अमक्या विहिरीत पिवळा ड्रॅगन दिसला. एका राजाकडे तर म्हणे ड्रॅगन पाळायला माणूस ठेवला होता. त्यातली एक मादी मेली, तेव्हा त्याने तिचं मांस शिजवून राजाला वाढलं. राजाला ते आवडलं, त्याने आणखी मागितलं, आणि तो माणूस घाबरून पळून गेला. नात हसत होती. मला मात्र तो पळणारा माणूस डोळ्यांपुढे दिसला. ड्रॅगन दिसणं हा राजाला शुभशकुन, म्हणून अधिकारी तशा खबरा पाठवत असतील, असं एका पुस्तकात आहे. दुसरं म्हणतं, जमिनीत सापडलेली फार जुन्या काळच्या जनावरांची हाडं लोक ड्रॅगनची म्हणून औषधात उगाळत. आणि तिसरं म्हणतं की तिथल्या नदीत मगरी होत्या, त्यांनाच लोकांनी ड्रॅगन म्हटलं असेल.

मगरीचं नाव निघालं आणि ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही तर मगर पाहिली होती ना? आपल्या रिव्हरमध्ये? यू आर अ विटनेस." गुरुजी, ही गोष्ट मी तिला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आलो आहे. माझा मुलगाही हीच ऐकून मोठा झाला. तिने ती पुठ्ठ्यावर लिहिली. एखाद्या नदीत कधीच न आढळलेलं जनावर एखाद्याला खरंच दिसू शकतं, पुरावा माझे आजोबा. तिच्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी मला शुक्रवारी वर्गात बोलावलं आहे. मुलगा अर्धा दिवस रजा काढून माझं बोलणं इंग्रजीत सांगणार आहे. सूनबाईने माझा कोट ड्रायक्लीनला दिला. आणि सोमवारपासून मला जेवण जात नाही.

तुम्हाला आठवत असेल, चौथीत मी वर्गात म्हणालो होतो की ओढ्याच्या वळणावर भूत आहे. तुम्ही मारलं नाही. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. पाहिलंस का, किती लांबून पाहिलंस, आणि सोबत कोण होतं. मी एवढंच म्हणालो की लोक सांगतात. मग भर वर्गासमोर म्हणालात, "ऐकलेलं सांगायचं असेल तर ऐकलं म्हणून सांग. पाहिलं म्हणू नकोस." माझे कान तापले होते. तरी बापाला समजावून मला सातवीपर्यंत शाळेत ठेवलंत ते तुम्हीच.

मगरीच्या साली मी बावीस वर्षांचा होतो. कोतवालाची नोकरी लागून पाच महिने झाले होते आणि ती गावातले बडे बागायतदार, मळेवाले, यांच्या शब्दाने लागली होती. विजेची मोटर गावात पहिली त्यांनीच आणली. नदीच्या डोहात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं, ते काढायला त्यांचा एक गडी पाण्यात उतरला आणि वर आला नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. माशांनी पाय कुरतडले होते. त्या सकाळी मी काठावर पोचलो तेव्हा मळेवाल्यांची माणसं मोटरीची ओली वायर गुंडाळून गोणपाटाखाली ठेवत होती. वायरीचं वरचं कातडं हातभर सोललेलं होतं. हे मी पाहिलं, गुरुजी. जवळून पाहिलं. दुपारी पंचनामा झाला. मळेवाले म्हणाले, मगरीने पायाला धरून ओढला. पंच म्हणून दोन माणसं हवी होती. एकाने अंगठा दिला. माझ्याकडे बघून मळेवाले म्हणाले, "हा शिकलेला आहे, हा सही करील. यानं मगर पाहिलीय. काय रे?" मी होकाराची मान हलवली आणि सही केली.

कोतवालाला पंच म्हणून कुठेही उभं करायची रीत होती. बोलवलं की जायचं, दाखवलं तिथे सही करायची. पुढे मी अशा कितीतरी सह्या केल्या. त्यांचं मला विशेष वाटत नाही. मला खातं ते संध्याकाळचं. तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसला होतात. मला हाक मारलीत आणि विचारलंत, "तू स्वतः पाहिलीस?" मी म्हणालो, "हो गुरुजी." पुढचे दोन प्रश्न तुम्ही विचारलेच नाहीत. मी वाट पाहत उभा होतो. विचारले असतेत तर मी रडलो असतो, सगळं सांगितलं असतं. पण तुम्ही आत गेलात आणि सूचनावहीत लिहिलंत की डोहात मगर आहे, पाहणारा आपल्या शाळेचा विद्यार्थी असून विश्वासू आहे, मुलांना पोहायला नेऊ नये. दर उन्हाळ्यात तुम्ही पोरांना पोहायला शिकवायचात, ते त्या सालापासून बंद झालं.

नात ते चिनी कारकुनांचं सांगते तेव्हा म्हणून मला हसू येत नाही. सगळे हसतात ते खोटं लिहिणाऱ्याला. पण त्यांच्यात एखादा तुमच्यासारखाही असेल, उभ्या जन्मात ऐकीव गोष्ट न लिहिलेला, आणि त्याच्याकडे त्याचा जुना विद्यार्थी येऊन सांगत असेल, मी पाहिला. ड्रॅगन होते की नव्हते ते मला काय कळणार. आपल्या नदीत मगर नव्हती एवढं कळतं. आणि तुमची वही कुठे टिकली असेल, तर वाचणारा माणूस म्हणेल, होती.

काल दुपारी नात पुठ्ठ्यावर माझा फोटो चिकटवत होती. मी म्हणालो, बाळ, तो काढ. मी मगर पाहिली नाही. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग मी वायरीचं सांगितलं. तिने डिंकाची बाटली खाली ठेवली. म्हणाली, "यू लाइड टू युअर टीचर? अँड ही बिलीव्ह्ड यू?" मी हो म्हणालो. मुलाला सांगायला मात्र मला धीर झाला नाही, ते तिनेच संध्याकाळी सांगितलं. जेवून उठताना तो म्हणाला, "बाबा, फ्रायडे कॅन्सल करू का?" मी काही बोलायच्या आत नात म्हणाली, नाही, आजोबा येणार, आणि वायरचं सांगणार.

तेव्हा शुक्रवारी जायचं आहे. जाईन. आज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तिने पेन्सिल घेऊन मला विचारलं, त्या मेलेल्या माणसाचं नाव काय होतं, माझ्या फोटोच्या जागी तिला ते लिहायचं आहे. मी आठवू लागलो. तो दुसऱ्या तालुक्यातून आलेला होता, त्याची बायको पंचनाम्याच्या वेळी लांब बांधावर बसली होती, तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा मला आठवतो. नाव आठवत नाही. नाव पंचनाम्याच्या कागदावर असणार, अगदी वरच्या ओळीत. मी नातीला म्हणालो की विसरलो. खरं ते नाही. तुम्ही मला वाचायला शिकवलं होतंत, गुरुजी, आणि मी तो कागद वाचलाच नव्हता.