तिला कोणी बसवलं नाही

९ डिसेंबर २०१७, शनिवार

भरला अर्ज! सरपंचपदाला, खुल्या महिला जागेवर. माझा बाद झाला तर हाताशी असावा म्हणून सासूबाईंचाही डमी भरला. सगळेच भरतात. सासूबाईंनी सही करायला दहा मिनिटं घेतली – तानाबाई शंकरराव, एकेक अक्षर कोरून.

१० डिसेंबर

मलकापूरला महिला उमेदवारांचं शिबिर. एकटीला कोण सोडतंय! सासूबाई सोबत. भिंतीवर माहितीपट दाखवला. अमेरिकेतली काळी बाई, राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिलेली. तिच्यातलेच पुरुष म्हणत होते, तू कशाला? मी रडले. का ते कळलं नाही – खोटं, चांगलं कळलं.

परतताना एसटीत सासूबाई एवढंच बोलल्या, "हारली थे. पण तिले कोणी बसवलं तं नाही ना?"

नाही, म्हटलं.

१२ डिसेंबर

छाननीत दोन्ही अर्ज मंजूर. सासूबाईंचा परवा मागे घ्यायचा.

शेतात जाऊन आले. कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. म्हणे बीटीला अळी लागत नाही! आता सगळी भिस्त नुकसानभरपाईच्या पंचनाम्यावर. आणि तलाठ्याला शेतं दाखवत फिरतात गावचे पुढारी माणिकराव. त्यांचीच सून माझ्याविरुद्ध उभी आहे.

१३ डिसेंबर

बौद्धवाड्यात आमच्या घरी माणिकराव पहिल्यांदाच चहा प्यायले. अर्धा कप ठेवला. गाव बिनविरोध करू म्हणाले. तुमचं शेत पंचनाम्यात घेतो, हेही हळूच.

ते गेल्यावर नागसेन माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस ना समता या टायमाले. चार एकर गेलं आपलं."

नवऱ्याचं खोटं असतं तर भांडले असते. दाराशी माणिकरावांनी दोन माणसं बसवलीत. परसात गेले तरी एक मागे. कोंडल्यासारखं झालंय. आणि चहा मीच देतेय त्यांना!

१४ डिसेंबर

मोताळ्याला तहसीलमध्ये नेलं, माणिकरावांच्या जीपमधून. सासूबाई पिशवी धरून बाकावर बसल्या, त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. मी माघारीच्या कागदावर सही केली. झर्रकन झाली, मेली.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

तीनला मुदत संपली, यादी लागली. माणिकरावांनी गुलाल आणला होता. पण नावं दोन! त्यांची सून आणि तानाबाई शंकरराव. डमी सगळेच विसरले. मीसुद्धा.

नागसेनने विचारलं, "माय, तुले ध्यानात होतं?"

"हाव," म्हणाल्या. "पण मले बस म्हणून कोणी म्हणलंच नाही."