आईच्या नंबरची झडप

१४ नोव्हेंबर, गुरुवार
जेवणाची सुट्टी

सौ. ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझं पत्र गेल्या आठवड्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून लगेच भुवया चढवू नकोस. सर्दीनं हैराण होते. आवाज असा बसला होता की मी ‘नंबर?’ विचारलं की लोक ‘कोण साहेब बोलताय?’ म्हणायचे. शेवटी मोठ्या बाईंनी मला एक्सचेंजच्या बोर्डावरून उठवलं आणि दोन दिवस मागच्या खोलीत फोन जोडायच्या दोऱ्या पुसत बसवलं.

बाकी इकडे ठीक. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ना ती मैना, गिऱ्हाइकाशी गोड आणि आमच्याशी कडू, तिचं लग्न ठरलं. नवरा फोनला घाबरतो म्हणे. सुटला बिचारा, निदान फोनवर तरी हिचं ऐकावं लागणार नाही. पुढच्या वर्षी आपोआप जोडणारं यंत्र येणार अशी आवई उठलीय. मग आम्ही बायकांनी काय करायचं, हे विचारायला गेलं की मोठ्या बाई खिडकीबाहेर बघतात.

तू म्हणशील, गावातल्या गावात पत्र कसलं लिहितेस, फोन कर. अगं, मला काय वेड लागलंय? मी फोनवर काय बोलले ते माझ्याआधी मैनेला कळेल. आणि घरी आले तर तू चहा टाकशील, मी पिईन, तुझ्या पडद्यांचं कौतुक करीन आणि सांगायचं ते तसंच घेऊन परत येईन. नेहमीसारखं.

भावोजी सोमवारी एक्सचेंजवर आले होते. तुला सांगितलं नसेल त्यांनी. खिडकीशी उभे राहून टोपी हातात फिरवत होते. म्हणाले, “तुमच्या बहिणीला आता तुम्हीच समजवा. ठकीला डॉक्टरांनी पलंगावरून खाली पाय ठेवू नको म्हणून सांगितलंय. आठवा लागलाय. जावई कामावर गेला की पोर घरात एकटी. कालच्या पत्रात लिहिलंय, आईला पाठवा हो. आणि ही म्हणते, मी घर सोडून कुठं जाणार नाही.”

मी विचारलं, का?

“तीन वाजता फोन येतो म्हणे. कुणाचा ते सांगत नाही. मी उचललेला चालत नाही. एकदा उचलला तर पलीकडे कुणीच नव्हतं, आणि ही माझ्यावर अशी धावून आली...” एवढे रोखठोक भावोजी, पण जाताना टोपी उलटी घालून गेले गं.

ते गेल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं. ‘आई येते गं फोनवर. बोलत नाही, पण येते. मागे तिच्या मोरीतला नळ ठिबकतो तोसुद्धा ऐकू येतो. शेवटच्या दिवशी मी तिला म्हटलं, रोज रोज काय गं आई, मला कामं असतात, आणि फोन ठेवला. तेच घेऊन बसली असेल ती. तिला अशी टाकून मी कशी जाऊ?’

ताई, आई फोनवर येत नाही. हे आधी दोनदा वाच आणि मग पुढे जा.

आपल्या आईच्या घराची तार आणि बर्फाच्या कारखान्याची तार एकाच खांबावरून जातात. आमचा तारवाला, लांब पायांमुळे आम्ही त्याला बगळा म्हणतो, तो वर चढून बघून आला. दोन्ही तारा एकमेकींना घासतायत. बर्फवाला तीनच्या सुमाराला गाड्या बोलवायला फोनचं हँडल फिरवतो, की त्याच्या झडपेबरोबर आईच्या नंबरचीही झडप पडते. झडप म्हणजे बोर्डावर प्रत्येक नंबराला असलेलं नखाएवढं पत्र्याचं झाकण. कुणी आपल्या घरी हँडल फिरवलं की ते इकडे पडतं आणि आम्हाला कळतं, अमक्याला बोलायचंय. तुला ऐकू येतं ते पाणी बर्फाच्या साच्यांचं. आईच्या मोरीतला नळ मी स्वतः घट्ट बंद करून आलेय. ती गेल्यावर मला त्या घरात एकटीला राहवेना म्हणून कुलूप लावलं, तेव्हाच.

पण तू काही कच्च्या गुरूची चेली नाहीस. तू विचारशील, आईची झडप पडली तर पडो, माझ्या घरी घंटी कशी वाजली? बरोबर आहे. झडपेनं घंटी वाजत नाही. मधे बसलेल्या बाईला एक दोरी आईच्या नंबरात आणि तिची जोडीदारीण तुझ्या नंबरात खुपसावी लागते, आणि कळ दाबावी लागते.

ती बाई मी.

पहिल्या दिवशी हातानं केलं. शप्पथ. झडप पडली की आधी ‘नंबर?’ विचारायचं आणि सांगतील तिथं जोडायचं, असा आमचा नियम आहे. पण आई कुठं नंबर सांगायची? दुपारी बोर्डावर मी असते हे तिला ठाऊक, आणि तिला तूच हवी असतेस हे मला ठाऊक. मोठ्या बाई ओरडायच्या, “न विचारता जोडता, घरचं दुकान आहे का?” त्या ओरडायच्या, मी जोडायचे. घर बंद करून महिना झाला असेल. झडप पडली आणि माझा हात निघाला. तुझ्याकडे घंटी गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरी उपटणार, तेवढ्यात तू म्हणालीस, “आई?”

मला उपटवेना.

दुसऱ्या दिवसापासून मात्र हाताला दोष देत नाही. मीच जोडत होते, आणि ऐकतही होते. दुसऱ्याचं ऐकलं तर आमच्यात नोकरी जाते. तू तिच्याशी कसलं गोड बोलायचीस गं! ठकीला पाचव्यात कैरी नको, लोणचं नको, नुसती माती खावीशी वाटते, ते सांगितलंस. तुझी शाल मी वापरायला काढलीय, रागावू नकोस, म्हणालीस. एकदा म्हणालीस, धाकटी वेळेवर जेवते की नाही कोण जाणे. मला समोर कधी विचारलं नाहीस ते. मी इकडे रुमाल तोंडात कोंबून बसलेली. सर्दी-बिर्दी काही झाली नव्हती मला.

आता इतकं लिहिलंच आहे तर हेही घे. मला राग होता. तुझा होता, आणि तिचा जास्त. आई रोज दुपारी आधी मलाच फोन करायची, कधी लक्षात आलंय तुझ्या? हँडल फिरवलं की तिच्या कानावर पहिली मी यायचे. मी म्हणायचे ‘हं’. ती म्हणायची ‘हं’. आणि मी तिला तुझ्याकडे पोचती करायचे. घरी एका छपराखाली आम्ही दोघी, पण बोलणं काय, तर भाजी कुठली आणि औषध घेतलंस का. मनातलं सगळं तिनं दुपारी तीनसाठी राखून ठेवलेलं. ती गेल्यावरही तिची तार हातात धरून मी तुम्हा दोघींच्या मधेच बसून राहिले. तुझ्या तोंडून तरी आई कानावर पडत होती म्हणून. आणि माझ्या या हावेपायी तिकडे तुझी पोर एकटी पडली. मला काय शिव्या घालायच्या त्या घाल.

भावोजी गेले तसं मी बगळ्याला गाठलं. म्हटलं, आईच्या घराची तार काप. तो म्हणाला, “कापता कशाला? मधे लाकूड बांधतो, घासणार नाहीत.” म्हटलं, शहाणपणा नको, काप. मंगळवारी त्यानं कापली. भेंडोळं करून माझ्या खुर्चीमागे आणून टाकलं. म्हणाला, “घ्या बाई, आता भूतसुद्धा फोन करणार नाही.” मेल्याच्या जिभेला हाड नाही.

म्हणजे विषय संपला. पत्र इथंच मिटणार होते मी. डिंकाची बाटली पुढ्यात आहे. पण तुझ्यापासून पुन्हा काही लपवायचं म्हटलं तर घशाखाली घास उतरत नाही.

काल झडप पडली.

बर्फवाल्याचं बोलणं केव्हाच उरकलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, जुनी झालीय, स्प्रिंग ढिली पडली असेल. असेलही. मी दोरी घातली. कापलेली तार कानाला कशी लागते ते मला चांगलं माहीत आहे, कानात बोळा घातल्यासारखी. ही तशी नव्हती. पाणीही ठिबकत नव्हतं. फोनपाशी कुणी नुसतं उभं असलं की जसं वाटतं, तसं वाटत होतं. उजवा हात तुझ्या नंबराकडे निघालाच होता, तो मी डाव्या हातानं धरून ठेवला. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा आईला विचारलं, “नंबर?”

तिनं सांगितला नाही.

मी परत विचारलं. नाहीच सांगितला. पण गेलीही नाही. तिथंच होती. मग मी म्हटलं, “बरं, मी आहे गं. धाकटी.” आणि बोलत बसले. काय बोलले ते तुला सांगणार नाही. मैना डोळे फाडून बघत होती. शेवटी मोठ्या बाई आल्या, पण माझ्याकडे बघून तशाच मागे फिरल्या.

ताई, हे पत्र आजच बगळ्याच्या हाती धाडतेय, उद्या सकाळची गाडी धर. भावोजींना सामान बांधायला लाव, तू ठकीच्या बाळासाठी दुपटी घे. दुपारी फोनपाशी बसू नकोस, मी आता जोडणार नाही. आणि ते शेवटच्या दिवसाचं मनातून काढून टाक. तुझ्यावर राग असता, काही ऐकवायचं राहिलं असतं, तर काल तिनं तुझाच नंबर मागितला असता. मी दोनदा विचारलं होतं.

आईची,
धाकटी