पिकू दिलेला मोतीबिंदू

दुधनीस रा. रा. सिद्धराम दाजी यांस मंगळवेढ्याहून कोंडीबाचा रामराम. हितं समदी खुशाल हायत. तुमची अन् अक्काची खुशाली कळवा, तुमचा गुडघा काय म्हणतो तेबी लिहा. (ओळी वाकड्या दिसल्या तर चालवून घ्या, माझ्या मतानं सरळ हायत.)

माझ्या डाव्या डोळ्याचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. दोन वर्सांमागं शिबिरातल्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करू म्हणला. मी म्हणलं, कवळा हाय, पिकू द्या. हुरड्यात आलेली ज्वारी कोण काढतं का? डॉक्टर शहरातला, त्याला काय कळणार! मग रोज सकाळी आरशात बघायचं, दाणा भरला का. मथुरा (म्हंजे आमची मंडळी) लई मागं लागली, पण ऐकेल तो मी कसला. मधल्या काळात (उजव्या डोळ्याला लागलेला चष्मा कधी घातलाच न्हाय) खुरपताना ज्वारी उपटली अन् तण राखलं. शेजाऱ्याच्या पोरासाठी चनमल्लप्पाकडं पोरगी बघायला गेलो, तर नवरी समजून तिच्या आजीलाच शिक्षण विचारलं. (म्हातारी लाजून चौथी पास म्हणाली.) लग्न जमलं, मला बोलावणं न्हाय.

गेल्या महिन्यात डोळा असा ठणकला की सोलापूर गाठलं. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. त्यांना विचारलं, ज्वारीगत पिकला का? त्या भडकल्याच. म्हणाल्या, "काका, ही काय ज्वारी आहे व्हय? डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. थेंबांनी निवळत नाही, काढून दुसरं बसवावं लागतं. कामं अडायला लागली की यायचं. पिकवत बसलात म्हणून आत दाब वाढला." वर साखर तपासा, उन्हात चष्मा घाला, बिडी सोडा. (बंडल त्यांनीच ठेवून घेतलं.) ऑपरेशन झालं, ठणका थांबला. बाकी क्षेम.

आपला,
कोंडीबा

ता. क. ठणका थांबला, पण त्या डोळ्यानं दिसत न्हाय. दाबानं मागची शीर गेली. आता दिसणारबी न्हाय.

आणखी ता. क. दिवाळीत अक्का चहा कपाबाहेर ओतत होती. तुमी तिला दवाखान्यात न्यायला निघाला होता, अन् "पिकू दे की" म्हणून मीच आडवा आलो. दाजी, माझं चुकलं. फोनवर बोललो असतो, पण फोन अक्काच उचलते अन् माझं तोंड उघडत न्हाय. तिला उद्याच न्या. ऐकली न्हाय तर मला कळवा. मी येतो, तिच्याम्होरं बसतो, माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवतो अन् विचारतो, अक्का, तू कुटं बसलीयास?