बाद झालेली कॅप्टन

ममताताई,

आज आपल्या कॉलेजच्या पोरींनी फुटबॉलची फायनल जिंकली. मी त्यायची कोच आहो. आता कॉलेजच्या अंकासाठी टीमचा इतिहास लिहून राह्यली, अन् पहिल्याच मॅचपाशी हात थांबला.

बारा वर्षं झाली. आपण अकराही जणी कबड्डीवाल्या. तू कॅप्टन, मी गोलकीपर. समोरचीच्या धक्क्यानं तू पडली, अन् मी मागून ओरडली, "ताई, बाद झाली तू, बाहेर बस." तू खरंच जाऊन बसली. तेवढ्यात गोल झाला, आपण हरलो. सारं कॉलेज तुलेच हसलं. मी सांगतलं म्हणून बसली, हे तू कोणाले बोलली नाही. मीही नाही. तू पुन्हा मैदानात आलीच नाही.

आज आमची कॅप्टन पडली, तं साऱ्या पोरी ओरडल्या, "उठ, इथं कोणी बाद होत नाही." हे मीच शिकवलं त्यायले.

इतिहासात माझी चूक माझ्या नावानं लिहिली. हे पत्र टाकत नाही. उद्या कप अन् पोरी घेऊन मारेगावले तुह्या दारात येते.

कबड्डीत आपलीनं समोरची बाद केली का बसलेली आत येते. आम्ही जिंकलो, ताई. आता आत ये.

तुही गोलकीपर,
सोनू