उमामावशीचा चेहरा

पुणे, १२ एप्रिल २०२४
ती. उमामावशीस,
शि. सा. न. वि. वि.
फोनवर विचारायला धीर होईना, म्हणून लिहितेय. आमच्या कंपनीत गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा बनतो. डुलकी त्याला कळते. पण तुला येते तशी फिट आली, डोळे उघडे आणि भान गेलेलं, तर त्याला वाटतं माणूस जागाच आहे. त्याला शिकवायला खऱ्या फिटचं चित्रण हवं. उभ्या गाडीत, डॉक्टरांसमोर, फिट येईल त्या दिवसापर्यंत रोज थोडा वेळ बसशील? नाही म्हणालीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
सावनी

उस्मानपुरा, २८ एप्रिल
चि. सावनीस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून आधी संतापले. लग्नानंतर पहिली फिट आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, तोंड लई भेसूर होतं, चारचौघांत बसू नकोस. तेव्हापासून मी कुठल्या पंगतीत नाही की फोटोत नाही. तुझे काकाही म्हणाले, साफ नकार कळव.
मग परवा चितेगावजवळ पाण्याचा टँकर दुभाजकावर चढला. ड्रायव्हरला फिट आली होती. डोळे उघडेच होते, त्यामुळं कळलंच नाही, असं क्लीनर सांगत होता. नशिबानं सगळे वाचले. दुष्काळामुळं रस्त्यावर टँकरच टँकर. मी काकांना म्हटलं, मी बसणार. तर ते म्हणाले, मग मी सोबत येतो.
गाडी पडेगावला आणा, तिथं नव्या बंगल्यांपलीकडं मोकळी जागा आहे. लोभ आमच्या नळासारखा आठवड्यातून एकदा नको, रोज असावा.
तुझी मावशी

पुणे, ९ जुलै
ती. मावशीस सा. न.
ओळखलं गं त्यानं! पडेगावला तुझ्या फिट टिपल्या, त्यातलं शेवटचं चित्रण कॅमेऱ्याला आधी दाखवलं नव्हतं. काल दाखवलं, आणि त्याला जोडलेली पडद्यावरची खोटी गाडी हळू होत कडेला थांबली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. चित्रण सोबत पाठवतेय. बाहेर दाखवताना तुझा चेहरा धूसर करू, असं साहेब म्हणाले. काकांना नमस्कार.
सावनी

उस्मानपुरा, १५ जुलै
चि. सावनीस आशीर्वाद.
चित्रण बघितलं. काका हात धरून शेजारी बसले होते. भेसूर कुठं आहे गं? कुणाचं तरी नाव आठवत नसावं, तसं तोंड दिसतंय, एवढंच. मी आधी हसले, मग रडले. काका म्हणाले, मी तर नेहमीच बघत होतो, सांगायला हवं होतं.
तुझ्या साहेबांना कळव, चेहरा धूसर करायचा नाही. खाली नावही घाला : उमा व्यंकटराव गोळेगावकर, उस्मानपुरा.
एवढं ऐकलंस की लोभ पोचला समजेन.
तुझी मावशी