कानामागचा डाग

गुढियारी, रायपूर

प्रिय रीना,

सप्रेम जयभीम. फोनवर तू विचारतेस, आई, आवाज असा थकल्यासारखा काहून? मी उन्हावर ढकलते. आज खरं लिहून टाकते. छातीतला कॅन्सर पाच वर्षांनी डोक्यात निघाला आहे. दोन डाग आहेत, एक कपाळामागे आणि एक उजव्या कानामागे.

होळीनंतर एका दुपारी तुझे बाबा बोलू लागले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आवाज स्वयंपाकघरातूनच यायचा, रेल्वेच्या मालधक्क्यावरून घरी आल्यावर असायचा तसा, धुळीनं बसलेला. "चेतना, साखर कमी टाक." मी घाबरले नाही. एकदा तर दोन कप भरले. शेजारच्या शारदाताईंनी ते पाहिलं आणि हाताला धरून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, सगळ्या डोक्याला शेक द्यायचा नाही, किरण नेमके डागांवर सोडायचे. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवली. ती गार होत गेली तसा माझाच चेहरा मला आवळत गेला. गेल्या गुरुवारी कपाळामागच्या डागाची पाळी होती. तो मुखवटा टेबलाला अडकवला, सगळे बाहेर गेले, जाड दार लागलं. दुखलं काहीच नाही. यंत्र माझ्याभोवती फिरत होतं, आणि त्या बंद खोलीत अगदी कानाशी बाबा म्हणाले, "मले काहून घालवून राहिली?" हलायची मनाई होती. डोळ्यांतलं पाणी तसंच कानात उतरलं.

डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. कानामागच्या डागाला सूज आहे, त्यानं असे आवाज होतात म्हणाले. त्याची पाळी पुढच्या सोमवारी. सुजेच्या गोळ्या चालू आहेत. आवाज आत्ताच बारीक झालाय, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

ते गेले त्या दिवशी मी नागपूरला होते, घरात ते एकटे. भार्गवशी तू लग्न केल्यापासून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. तरी त्यांच्या मोबाइलवर शेवटचा नंबर तुझाच होता. वाजला असेल, मला ऐकू आला नाही, असं तू म्हणालीस. मी मानलं. पण रीना, माझ्या डोक्यातला डाग मला ठाऊक असलेलंच बोलेल ना? काल बाबा म्हणाले, "रीनानं उचलला होता. बोलली नाही. तिची पोट्टी रडून राहिली होती, तेवढंच ऐकलं."

हे फोनवर बोलवत नाही, म्हणून स्पीडपोस्टनं पाठवते. रागवायला लिहीत नाही. सोमवारी मी जाणारच, मला जगायचं आहे. हे खोटं असेल तर पत्र फाडून टाक. खरं असेल तर रविवारच्या आत ये. स्वयंपाकघरात बस आणि तेव्हा राहून गेलं ते एकदा बोल. ते अजून ऐकतात. सोमवारनंतरचं मला सांगता येत नाही.

तुझीच,
आई